दोन बोटं खाली

ॲम्बॅसेडर वाचायची ती बाजूनं. समोरून ती सरकारी दिसते, मागून टॅक्सी. बाजूला उभं राहिलं की बॉनेटवरून निघून काचेपाशी चढणारी, छपरावर सावकाश वळणारी आणि डिकीवर तितक्याच सावकाश उतरणारी एकच रेघ दिसते. रेघ एका दमात ओढलेली आहे. खोट आहे ती तिच्याखाली. पुढचं चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये रिकामी जागा फार, आणि एवढ्या गोलसर, भारदस्त अंगाला ती शोभत नाही. ज्याला ही गाडी मनापासून आवडते त्याला कधी ना कधी वाटतंच, की हिला दोन बोटं खाली घ्यावी.

दोन बोटं म्हणजे साधारण ३५ मिलिमीटर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण गाडीच्या पोटाखाली मोकळी जागा असते १६० मिलिमीटरच्या आसपास. तिचा पाचव्याहून मोठा हिस्सा यात जातो. शिवाय ज्या शहराच्या आसऱ्यानं ही गाडी जगली, त्या कोलकात्यात ट्रामचे रूळ आहेत, दगडी फरसबंदी आहे आणि आषाढात ठनठनिया, ॲमहर्स्ट स्ट्रीटकडे गुडघाभर पाणी साचतं. अशा ठिकाणी गाडी लोअर करायची आणि मागच्या सीटवरच्या माणसाची झोपही मोडू द्यायची नाही, हे मागणं अवाजवी वाटेल. पण ॲम्बॅसेडरची पुढची बांधणी नीट पाहिली तर या मागण्याचं अर्धं उत्तर तिच्यात आधीपासूनच लिहून ठेवलेलं सापडतं.

हे लिहिणारा हात ब्रिटिश होता. ॲलेक इसिगोनिसनं १९४८ साली मॉरिस मायनर आणि मॉरिस ऑक्सफर्ड या दोन्ही गाड्यांना पुढे टॉर्शन बार दिले. सिट्रोएननं तशी योजना १९३४मध्येच केली होती, आणि तिचं त्याला कौतुक होतं. ऑक्सफर्डच्या पुढच्या आवृत्त्यांतून हीच मांडणी हुगळीकाठी उत्तरपाऱ्याच्या हिंदुस्तान मोटर्समध्ये आली. १९५७ साली तिसऱ्या मालिकेतली ऑक्सफर्ड ॲम्बॅसेडर झाली आणि मे २०१४मध्ये कारखाना थांबेपर्यंत एंजिनं बदलली, दिवे बदलले, डॅशबोर्ड बदलले. पुढचे दोन लांब दांडे राहिले.

दांडा पोटाखालून पुढून मागे लांब जातो. त्याचं पुढचं टोक चाकाच्या खालच्या आर्मला जोडलेलं, मागचं टोक जमिनीच्या पत्र्याखालच्या आडव्या बीममध्ये जखडलेलं. चाक खड्ड्यातून उसळलं की आर्म फिरतो आणि ओला पंचा पिळावा तसा दांडा पिळला जातो; पीळ सुटला की चाक जागेवर. गुंडाळलेली स्प्रिंग इथे नाहीच. हा पीळ किती कडक, हे दांड्याची लांबी आणि जाडी ठरवते, आणि त्यात जाडीचा अधिकार जबरदस्त: व्यास १० टक्के वाढवला तर कडकपणा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो, कारण हिशेबात व्यासाचा चौथा घात येतो.

मला या रचनेतली खरी गंमत वाटते ती मागच्या टोकाशी. तिथला अडकवलेला कोन बदलला, दांडा खाचांमध्ये थोडा फिरवून पुन्हा बसवला, की गाडीचं नाक खाली येतं किंवा वर जातं. बाकी काहीच बदलत नाही. दांडा तोच, त्याची लांबी तीच, त्याच्यावरचं वजन तेच. म्हणून उभ्या गाडीत त्याला पडलेला पीळही जवळपास तेवढाच. गाडी खाली आल्याचा दांड्याला पत्ताच नसतो. कडकपणा एकीकडे आणि उंची दुसरीकडे, असं दोन्ही वेगळं ठेवणारी बांधणी सरसकट मिळत नाही.

आजच्या गाड्यांत नेहमी असते त्या कॉइल स्प्रिंगशी हे ताडून पाहा. नाक्यावरच्या गॅरेजमध्ये गाडी लोअर करायची सोपी युक्ती म्हणजे स्प्रिंगचा एक वेढा कापणे. आठ कामाचे वेढे असतील आणि एक कापला, तर उरलेली स्प्रिंग आठाला सात या प्रमाणात, म्हणजे १४ टक्क्यांच्या आसपास कडक होते. उंचीसाठी केलेला वार मऊपणावर पडतो. ॲम्बॅसेडरच्या पुढच्या अंगाला हा वार बसतच नाही.

तरीही खाली घेतलेल्या कितीतरी ॲम्बॅसेडर बसल्यावर दणके देतात. याचं कारण दांड्यात शोधून सापडणार नाही. ते उरलेल्या प्रवासात आहे. चाकाला वर यायला ठरावीक जागा असते, तिच्या शेवटी बंप रबर. दोन बोटं खाली घेतलं की ती दोन बोटं या जागेतूनच वजा होतात, आणि पूर्वी हवेत विरणारा धक्का आता रबरावर आपटतो. लोक त्याला ‘सस्पेन्शन कडक झालं’ म्हणतात. सस्पेन्शन संपलं, असं म्हटलं पाहिजे. उपाय फार नाहीत, पण आहेत: आखूड आणि हळूहळू घट्ट होत जाणारं बंप रबर, खाली आलेल्या उंचीला साजेसा आखूड शॉकअप, म्हणजे रबराआधी तोच तळाला टेकायला नको, आणि त्या शॉकअपचा स्वभाव असा, की अंगाच्या संथ डोलण्याला धरून ठेवावं आणि दगडाच्या तडाख्याला वाट द्यावी. टायरची बाजू उंचच राहू द्यावी. १७ इंची चाक आणि चपटं टायर घातलं तर खाली जे कमावलं ते तिथे घालवलंच म्हणून समजा, आणि वर चाकाचं वाढलेलं वजन प्रत्येक रुळावर हिशेब मागतं. आर्मचा कोन बदलल्यामुळे अलाइनमेंट पुन्हा करून घ्यावं लागतं, हेडलाइटही पुन्हा लावावे लागतात. ही कामं कंटाळवाणी आहेत आणि म्हणूनच राहून जातात.

मागचं अंग वेगळ्या हातानं लिहिलेलं वाटतं. तिथे अखंड ॲक्सल आणि पाटे. पाट्यांची कमान, तिच्यावर ॲक्सल, यू-बोल्टनं आवळलेला. इथे गाडी खाली घ्यायचे तीन मार्ग, आणि तिघांचे स्वभाव निराळे. ॲक्सल आणि पाट्याच्या मध्ये ठोकळा घातला तर कडकपणा बदलत नाही. पाट्यांची कमान भट्टीवाल्याकडून उतरवून घेतली तरी बदलत नाही, मात्र काम कसबी माणसाचं हवं. तिसरा मार्ग सगळ्यात स्वस्त: एक पाटा काढून टाकणे. सहा सारख्या पाट्यांतला एक काढला तर कडकपणा सहाव्या हिश्श्यानं घटतो, गाडी आपोआप बसते आणि मालक खूश होतो, कारण मागची सीट हातानं दाबली की आता मऊ लागते.

हा मऊपणा फसवा आहे. मॉरिस ऑली हा अभियंता रोल्स-रॉइसमधून अमेरिकेत जनरल मोटर्सकडे गेला आणि १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं वजनं इकडून तिकडे हलवत गाड्यांचं डोलणं मोजून काढलं. त्याचा निष्कर्ष आजही टिकून आहे: मागचं अंग पुढच्यापेक्षा जरा जलद डोललं पाहिजे. उंचवटा आधी पुढच्या चाकाला लागतो, मागच्याला उशिरा. ॲम्बॅसेडरच्या दोन चाकांमधलं अंतर २,४६४ मिलिमीटर. ताशी ३० किलोमीटरनं ते सुमारे ०.३ सेकंदात कापलं जातं. तेवढ्या उशिरानं सुरू झालेलं मागचं डोलणं जलद असेल तर पुढच्याला गाठतं आणि दोन्ही टोकं एकदम वरखाली होतात. माणसाला ते सोसतं. मागचं मंद असेल तर नाक वर असताना शेपूट खाली, आणि गाडी पुढेमागे कलंडत राहते. पाटा काढून गाडी मऊ केली आणि मागच्या सीटवरच्या बाईंना मळमळायला लागलं, तर त्याचा अर्थ एवढाच.

पुढचा दांडा न बदलता, फक्त खाचांमध्ये फिरवून खाली घेतलं आणि मागे ठोकळा किंवा उतरवलेली कमान वापरली, तर पुढच्या-मागच्या डोलण्याचं हे नातं मूळ गाडीत होतं तसंच राहतं. म्हणून माझा कौल या जोडीला. आणि मागे उतार पुढच्यापेक्षा कमीच ठेवावा. पुढे एक-दोन माणसं असतात, मागे कधी एक, कधी चार आणि डिकीत पूजेचं सामान; रबराशी गाठ आधी मागच्याच अंगाची पडते. बंगाली गुप्तहेर फेलूदाच्या कथांतली, त्याचे मित्र लालमोहनबाबू यांची हिरवी ॲम्बॅसेडर आठवा, अशोक जैनांच्या अनुवादांमुळे मराठी वाचकांच्याही ओळखीची. तिघं चौघं बसून हुंदडायची गाडी ती. तिला कुणी शेपूट घासेपर्यंत बसवली असती तर फेलूदाचा धाकटा भाऊबंद तोपशे तक्रार केल्याशिवाय राहिला नसता.

अखंड ॲक्सलचा एक बारकावा मला फार आवडतो. मागचा डिफरन्शिअलचा गोळा चाकांवरच तोललेला असतो, त्यामुळे गाडी कितीही खाली घ्या, तो जमिनीपासून होता तिथेच राहतो. त्याची उंची फक्त टायर ठरवतं. खाली येतात ते पुढचा आडवा बीम, ऑइल संप आणि सायलेन्सरचा पाइप. म्हणजे कोलकात्यात धोका पुढच्या अंगाला. फरसबंदी खचून रूळ वर उरलेले असतात तिथे संपची कसोटी लागते, आणि साचलेल्या पाण्यात पाइपचं तोंड. दुसऱ्या महायुद्धात जिच्यावरून विमानं उडाली त्या रेड रोडच्या सपाटीवर कुठलीही बसकी गाडी सुखद वाटेल. तिथली चाचणी मी धरणार नाही. शामबाजारच्या पाच रस्त्यांच्या नाक्यावर तिरपे रूळ ओलांडून दाखवावे.

कायद्याचं एक वाक्य मध्ये येतं. नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा पडेल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमात बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९मध्ये बजावलं. तेव्हा काही कापण्याआधी आरटीओला विचारलेलं बरं. पिवळ्या टॅक्सीवाल्यांना या सगळ्याशी घेणं नाही. त्यांची रीत उलटी, जादा पाटा घालून शेपूट वर ठेवायची. पंधरा वर्षांच्या नियमानं त्या टॅक्सीही भराभर ओसरत आहेत. त्यांचे दांडे आणि पाटे मात्र अजून कामाचे, आणि जुन्या सुट्या भागांसाठी मल्लिकबाजारचा रस्ता आहेच. तिथून दांडा घेताना जाडी मोजून घ्यावी. मिलिमीटरभर फरक डोळ्याला दिसत नाही, चौथ्या घातामुळे बुडाला कळतो.

आणि उद्या कुणाला हीच गाडी जुन्या मोटारींच्या मेळाव्यात न्यायची झाली, जिथे मूळ रूपाचा मान मोठा, तर मागचे ठोकळे काढायचे, पुढचे दांडे खाचांमध्ये होते तिथे परत फिरवायचे आणि अलाइनमेंटवाल्याला पुन्हा एकदा पैसे द्यायचे. कापलेल्या स्प्रिंगच्या मालकाला ही सोय नाही.