दुरुस्ती की रंगरंगोटी?

घड्याळे, रेडिओ, शिवणयंत्रे अशी जुनी यंत्रे मिळवून ती पुन्हा चालू करण्याची हौस आपल्याकडे नवी नाही. अलीकडच्या काळात तिच्यात मेजावरच्या जुन्या संगणकांची भर पडली आहे. या छंदाचे कौतुक पुष्कळ होते. परीक्षण मात्र क्वचितच. नाटक पाहून आपण त्याचे गुणदोष सांगतो, तसे ‘ही दुरुस्ती चांगली, ही सुमार’ असे सांगता येईल का? आमच्या मते येईल, आणि शिक्षकांनी तर ते सांगितलेच पाहिजे. कारण या यंत्रांपैकी काही खास शाळांसाठीच आणली गेली होती.

१९८४ साली केंद्र सरकारने ‘क्लास’ या नावाने शालेय संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला. आरंभी त्यात २५० शाळा होत्या. पुढे ही संख्या दोन हजारांवर गेली. प्रकल्पासाठी निवडला गेला तो इंग्लंडमधील एकॉर्न कंपनीने १९८१ मध्ये आणलेला ‘बीबीसी मायक्रो’. त्याच्या ‘बी’ नमुन्यात ६५०२ जातीचा प्रक्रियक होता आणि स्मृती अवघी ३२ किलोबाइट. आजच्या फोनमध्ये ४ गिगाबाइट स्मृती धरली, तर ती याच्या सव्वा लाख पटींहून अधिक भरते. असे यंत्र बंद पडले की आधी माळ्यावर जाते आणि जडवस्तूंच्या नोंदवहीतून निर्लेखन झाले की भंगारात.

तेथून ते वाचवणाऱ्या हौशी माणसाचे पहिले लक्ष बहुधा पेटीच्या पिवळेपणाकडे जाते. या पेट्या पुष्कळदा एबीएस प्लास्टिकच्या असतात. अतिनील किरण व ऑक्सिजन यांच्यामुळे हे प्लास्टिक हळूहळू पिवळे पडते. त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवले की रंग उजळतो. आधीची आणि नंतरची छायाचित्रे शेजारी ठेवली की पाहणारा थक्क होतो. पण पिवळेपणा पुष्कळदा परततो, आणि पेटीच्या आत काय बिघडले आहे याचा तर अजून पत्ताच लागलेला नसतो.

येथे छत्रपती संभाजीनगरच्या वाचकांना अजिंठ्याची आठवण करून द्यावीशी वाटते. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने तेथील भित्तिचित्रांच्या जतनासाठी इटलीहून लोरेन्झो चेकोनी यांना बोलावले. सुटू लागलेला गिलावा त्यांनी पक्का केला, हे काम मोलाचे होते. मात्र चित्रांवर दिलेला लाखेचा थर कालांतराने पिवळट व काळपट पडला आणि पुढच्या पिढीतील रसायनतज्ज्ञांना तो काळजीपूर्वक उतरवावा लागला. जतनाची पहिली कसोटी यातून मिळते: पुढच्या माणसाला काढता येणार नाही असे काही आज लावू नये, आणि जे केले त्याची नोंद ठेवावी.

दुसरी कसोटी अधिक महत्त्वाची. दुरुस्ती करणाऱ्याला यंत्र कळले का? बीबीसी मायक्रो सुरू करताच आधी एक खर्जातला आवाज व लगेच एक बारीक ‘पीप’ ऐकू येते. पहिला आवाज ध्वनीच्या चिपचा आहे. वीज मिळताच ती आपोआप वाजू लागते. प्रक्रियकाने रॉममधील सूचना वाचल्या की तो तिला गप्प करतो आणि ‘पीप’ वाजवतो. खर्जातला आवाज थांबलाच नाही, तर प्रक्रियक कामाला लागलेला नाही असे समजावे. म्हणजे पडदा कोरा असतानाही कानाने निदान करता येते! लक्षण, तर्क, पडताळा या क्रमाने बिघाड शोधणारा विद्यार्थी प्रयोगशाळेतलीच शिस्त शिकत असतो. नुसत्या चिप्स बदलत सुटणाऱ्याचे यंत्र कदाचित चालू होईल. पण त्याला आम्ही चांगली दुरुस्ती म्हणणार नाही.

रसायनशास्त्रही येथे भेटते. २८६ व ३८६ जातींच्या संगणकांच्या मुख्य पाटीवर बहुधा निकेल-कॅडमियमची लहान बॅटरी असे. ती गळली की आतले पोटॅशियम हायड्रॉक्साइड तांब्याच्या रेषा खाते आणि तेथे हिरवट-निळे डाग दिसतात. हे अल्कधर्मी द्रव्य व्हिनेगरने उदासीन करता येते. आम्ल-अल्क अभिक्रियेचे याहून बोलके उदाहरण पाठ्यपुस्तकात सापडणे कठीण.

यावर एक आक्षेप रास्त आहे. जुन्या संगणकाची हुबेहूब नक्कल करणारे प्रोग्राम आज फुकट मिळतात; मग लोखंड-प्लास्टिक कशाला जपायचे? बेसिक भाषा शिकवायची असेल, तर नक्कल पुरेशी आहे आणि सुरक्षितही. पण नकलेत बॅटरी गळत नाही, सांधा सुटत नाही, चिप तापत नाही. प्रोग्राम आणि वस्तू यांतला संबंध तिथे दिसत नाही. तो शिकायचा असेल, तर पेटी उघडावीच लागते.

या छंदात आम्हाला एक मोठी उणीवही दिसते. खेळ आणि दुर्मीळ नमुने यांवर जेवढे श्रम खर्च होतात, तेवढे मराठी मजकुरावर होत नाहीत. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक १९९१ मध्ये ठरले. पुण्याच्या सी-डॅकच्या ‘जिस्ट’ कार्डामुळे साध्या संगणकावर देवनागरी उमटू लागली. याशिवाय अनेक जण आपापल्या फॉन्टच्या सांकेतिक पद्धतीने टंकलेखन करीत. आज युनिकोडच्या जमान्यात त्या फाइली उघडल्या तर अक्षरांचा नुसता गोंधळ दिसतो. शाळेचे हस्तलिखित, स्मरणिका, प्रश्नसंच फ्लॉपीवर असतील, तर त्यांच्यासाठी जुना संगणक ही शोभेची वस्तू नसून किल्ली आहे. फ्लॉपीवरचे चुंबकीय लेखनही कायम टिकत नाही. म्हणून हे काम लांबणीवर टाकता येणार नाही.

शाळेत हे करायचे, तर मर्यादा सांगितल्याच पाहिजेत. काचेच्या नळीचा मॉनिटर विद्यार्थ्यांनी कधीही उघडू नये. त्यात हजारो व्होल्टचा दाब असतो आणि वीज काढल्यावरही काही काळ राहू शकतो. वीजपुरवठ्याची पेटीही जाणकारावाचून उघडू नये. बीबीसी मायक्रोच्या या पेटीतील कागदी कपॅसिटरच्या वेष्टणाला भेगा पडून दमट हवा आत शिरते, आणि वर्षांनंतर यंत्र लावताच धूर निघतो. तेव्हा ‘चालते का बघू’ म्हणून थेट बटण दाबणे हा उतावीळपणा ठरेल. जवळच्या तंत्रनिकेतनातील किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील शिक्षकाला सोबत घ्यावे. उरलेले निकामी भाग नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडे द्यावेत.

तेव्हा पुढच्या निर्लेखनाच्या यादीवर सही करण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी एक यंत्र बाजूला काढावे आणि त्याच्यासोबत एक कोरी वही ठेवावी. लक्षण काय, तर्क काय, बदलले काय, हे सारे विद्यार्थ्यांनी तीत लिहावे. यंत्र चालू झाले तर आनंदच आहे. नाही झाले आणि वही भरली, तरी ती दुरुस्ती आम्ही पांढऱ्याशुभ्र पण मुक्या पेटीहून वरची मानू.