चर्चगेटचे चर्च : वारसामूल्य नेमके कशात असते?

वारसावास्तूचे मूल्यमापन करायला सांगितले की बहुतेक विद्यार्थी दोन गोष्टी लिहितात : वास्तू किती वर्षे जुनी आहे आणि तिची शैली कोणती. हे निकष कुठे अपुरे पडतात, ते मुंबईच्या फोर्ट भागातील सेंट थॉमस कॅथेड्रल पाहताना चांगले कळते. आपण रायपूरला बसून मुंबईचे उदाहरण घेतो आहोत, कारण या चर्चच्या बांधकामाचे टप्पे नोंदलेले आहेत. शिवाय, मुंबई न पाहिलेल्यालाही त्याचे नाव माहीत असते, फक्त ते चर्चचे आहे हे माहीत नसते.

ते नाव म्हणजे चर्चगेट. मुंबईच्या किल्ल्याच्या ज्या दरवाजातून या चर्चकडे रस्ता जाई, त्याला चर्चगेट म्हणत. १८६० च्या दशकात तटबंदी पाडली, तिच्याबरोबर दरवाजाही गेला. नाव रेल्वे स्थानकाला मिळाले. आज चर्च स्थानकापासून सुमारे एक किलोमीटरवर, हॉर्निमन सर्कलच्या शेजारी आहे. नाहीशा झालेल्या किल्ल्याचा नकाशा मनात उभा करायचा असेल तर हे नाव आणि ही इमारत दोन्ही लागतात. वयाच्या आकड्यात हे मूल्य येत नाही.

आणि वय तरी कोणते धरायचे? गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर याच्या काळात, १६७६ मध्ये काम सुरू झाले. भिंती साधारण पंधरा फूट उंच झाल्या आणि काम थांबले, ते जवळजवळ चाळीस वर्षे. पुढे रिचर्ड कॉब या पाद्र्याने वर्गणीसाठी पाठपुरावा केला आणि १७१८ च्या नाताळला चर्च उघडले. १८३७ मध्ये मुंबईला स्वतंत्र बिशप मिळाला, चर्चचे कॅथेड्रल झाले आणि लगेच मनोरा उंचावला. १८६० च्या दशकात वेदीकडचा भाग गॉथिक पद्धतीने नव्याने बांधला.

म्हणून शैलीचा प्रश्नही सरळ सुटत नाही. कुलाब्याचे अफगाण चर्च (१८५८) एका हेतूने आणि एका शैलीत उभे राहिले. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांचे ते स्मारक आहे आणि निव्वळ सौंदर्य पाहिले तर तेच सरस ठरेल. सेंट थॉमसमध्ये वेगवेगळ्या काळांचे जोड उघड दिसतात. माझ्या मते तेच त्याचे बळ आहे. वखारीतल्या व्यापाऱ्यांचे प्रार्थनास्थळ हळूहळू सत्तेचे चर्च कसे झाले, हे त्या जोडांवरून वाचता येते.

खरा ऐवज आत आहे. भिंतींवर कंपनीच्या अधिकाऱ्यांची संगमरवरी स्मारके आहेत. त्यांतले जोनाथन डंकन याचे स्मारक निवांत पाहावे. हा १७९५ ते १८११ असा मुंबईचा गव्हर्नर होता, त्याआधी बनारसला रेसिडेंट. बनारस आणि काठेवाडातली बालहत्या त्याने बंद केली, असे श्रेय त्या दगडात कोरलेले आहे. डंकनने प्रयत्न केले हे खरेच. पण मुलींची हत्या थांबवण्यासाठी ब्रिटिश सरकारला १८७० मध्ये कायदा करावा लागला, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ साठ वर्षांनी! तेव्हा दगडावरचा मजकूर म्हणजे सत्य नव्हे, राज्यकर्त्यांनी स्वतःविषयी नोंदवलेला दावा आहे. असा दावा मूळ जागी, मूळ रूपात पाहायला मिळणे हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला फार मोलाचे. वसाहतीची खूण म्हणून असली स्मारके हलवावीत असे कोणी म्हणते, तर कोणी त्यांच्या कारागिरीवरच थांबते. दोघेही मजकूर वाचत नाहीत.

आता थोडे बांधकामाविषयी, कारण अभियांत्रिकीच्या मुलांचा प्रश्न इथे सुरू होतो. अशा जुन्या भिंती चुन्याच्या मसाल्यात बांधलेल्या असतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो, दगडापेक्षा मऊ राहतो आणि पावसाळ्यात भिंतीत शिरलेली ओल बाहेर जाऊ देतो. दुरुस्तीत त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ही वाट बंद होते. ओल आत कोंडते, क्षार दगडाच्या पृष्ठभागाशी येऊन साचतात आणि सिमेंटऐवजी दगडच झिजू लागतो. कागदोपत्री मजबुतीकरण, प्रत्यक्षात नासाडी. आपल्या अभ्यासक्रमात सिमेंटची ताकद मेगापास्कलमध्ये तोंडपाठ करून घेतात. चुन्याच्या वाट्याला जेमतेम एक पान येते.

सेंट थॉमसच्या संवर्धनाला २००४ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत स्थान मिळाले. परंतु अशा वास्तूत संवर्धकापुढचा अवघड निर्णय साहित्याचा नसतो. 'मूळ रूप' म्हणजे १७१८ चे, की मनोऱ्यानंतरचे, की गॉथिक वेदीनंतरचे? कोणतेही एक निवडले तर बाकीचे पुसावे लागेल. त्यात ही वास्तू नुसती पाहण्याची नाही. १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, उत्तर भारतातले अँग्लिकन चर्च त्यात विलीन झाले आणि सेंट थॉमसही त्या एकत्रित चर्चचे झाले. तिथे आजही उपासना चालते. बाके, दिवे, पंखे लोकांच्या सोयीने बदलत राहणार. संवर्धनाच्या आराखड्यात या बदलांना जागा ठेवावी लागते, आणि तीही गिलाव्याला हात लावण्याआधी.