दोन मंद बल्ब

सेवाग्राम स्टेशनाचे जुने नाव वर्धा पूर्व. नागपूरहून चेन्नईकडे निघालेली गाडी वर्धा जंक्शनला न शिवता इथूनच बल्लारशाहची वाट धरते. फलाटावर उभ्या गाडीच्या डोक्यावर 25,000 व्होल्टची एसी तार असते. डबा जुन्या आयसीएफ, म्हणजे इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या, बांधणीचा असला, तर त्याच छताखालचे दिवे-पंखे मात्र 110 व्होल्ट डीसीवर चालतात. डब्याखाली अल्टरनेटर, त्याला जोडलेला रेक्टिफायर-रेग्युलेटर, बॅटरी आणि तिथून वर गेलेल्या दोन तारा, एवढा त्या डब्याचा संसार. आयसीएफने हे डबे बांधणे 2018 मध्ये थांबवले. पण त्यांतला बिघाड हुडकण्यासाठी टीएलचे, म्हणजे ट्रेन लायटिंगचे, फिटर जे साधन वापरत आले, ते रसिकाने एकदा निवांत बघावे असे आहे.

दोन सारखे बल्ब सिरीजमध्ये जोडायचे. एक टोक पॉझिटिव्हला, दुसरे निगेटिव्हला, आणि दोघांच्या मधल्या जोडातून काढलेली तिसरी तार डब्याच्या लोखंडी बॉडीला. झाले साधन तयार! बल्ब 110 व्होल्टचे, पण वाटणी झाल्यामुळे प्रत्येकाच्या पदरी 55 व्होल्टच पडतात. फिलॅमेंट नुसते तांबूस-पिवळे होते, थेट बघितले तरी डोळे दिपत नाहीत. दोन्ही असे सारखेच मंद दिसले की फिटर पुढच्या डब्याकडे वळतो.

आता समजा, पॉझिटिव्ह तारेचे आवरण कुठेतरी घासून निघाले आणि तांबे बॉडीला टेकले. पॉझिटिव्हकडचा बल्ब तत्क्षणी विझतो आणि निगेटिव्हकडचा पूर्ण 110 व्होल्ट घेऊन लखलखतो. लक्ष वेधतो पेटलेला, पण दोष असतो विझलेल्याच्या बाजूला. नवशिका इथेच फसतो. गळती अर्धवट असेल तर एक जरा उतरतो, दुसरा जरा चढतो, आणि सरावलेला डोळा तेवढ्या फरकावरून तिचा अंदाज बांधतो. मग एकेका सर्किटचा फ्यूज काढून बघायचे. ज्या फ्यूजला जोडी पुन्हा सारखी होते, त्या सर्किटमध्ये दोष.

या रचनेची खुमारी कळायची तर डब्याची वायरिंग कशी आहे ते बघावे लागते. दोन्ही तारा बॉडीपासून मुद्दाम अलग ठेवलेल्या असतात. त्यामुळे एक तार बॉडीला टेकली तरी प्रवाहाला परतीची वाट नसते. फ्यूज उडत नाही, दिवे जळत राहतात. एका घासलेल्या तारेपायी मध्यरात्री अख्खा डबा अंधारात जाऊ नये, हा त्यामागचा विचार. पण म्हणूनच पहिला दोष मुका असतो. उद्या निगेटिव्हही कुठे टेकली की बॅटरी बॉडीतून शॉर्ट होते. शॉर्ट दणदणीत असला तर बरा, फ्यूज उडून मोकळा होतो. अर्धामुर्धा असला तर प्रवाह फ्यूजच्या मर्यादेखालीच राहतो आणि एकाच जागी तापवत बसतो. त्यात हा डीसी. 50 हर्ट्झचा एसी सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, तेव्हा ठिणगीला विझायची संधी मिळते. डीसीत असे शून्य येत नाही, ठिणगी बळेच ताणून, थंड करून तोडावी लागते. एचआरसी फ्यूजमध्ये क्वार्ट्झची वाळू भरतात ती त्यासाठी. उडालेला फ्यूज फोडून बघा: पट्टी वितळली त्या रेषेत वाळूची काचेसारखी घट्ट गाठ झालेली सापडते.

हे सगळे टाळायचे तर मुका दोष सुरुवातीलाच बोलता करायला हवा, आणि त्याला बोलते करते ती तिसरी तार. बॉडीतून जाणारी जी वाट सगळ्या वायरिंगने बंद ठेवली आहे, तीच ही तार क्षणभर उघडते, पण मध्ये बल्बाचा रोध ठेवून. दोष पूर्ण असला तरी एका बल्बाला लागेल त्याहून जास्त प्रवाह वाहूच शकत नाही. सेवाग्रामचे नाव निघाले की साधेपणावर प्रवचन झोडायचा मोह होतो. तो आवरतो, कारण मला मोह पडतो तो या बेताचा.

बल्बांच्या या जोडीची एक आंधळी जागा आहे. पावसाळ्यात जंक्शन बॉक्समध्ये ओल शिरून दोन्ही तारांना सारखीच गळती लागली, तर बल्ब निर्दोष डब्यात असावेत तसेच शांतपणे मंद राहतात. तिथे पुरवठा बंद करून मेगर, म्हणजे आवरणाचा रोध मोजणारे यंत्रच, लावावा लागतो.

आणि बल्ब तंतूचेच हवेत. डब्यात आता एलईडी आले, पण या कामाला ते निरुपयोगी. एलईडीतला ड्रायव्हर व्होल्टेज उतरले तरी उजेड सांभाळून घेतो, नाहीतर एकदम बंदच पडतो. मग मंद आणि तेज यांच्या मधल्या ज्या छटा वाचायच्या, त्याच हातच्या जातात.