उंची, शिंग आणि कुंभाराचं गाढव

अर्जेंटिनातल्या साल्ता प्रांतात कोलोमे ही १८३१ सालची वायनरी आहे. डोनाल्ड हेस यांनी ती २००१ मध्ये घेतली आणि बायोडायनॅमिक शेती आणली. तिथला सर्वांत उंच द्राक्षमळा ३,१११ मीटरवर. ही पद्धत रुडॉल्फ स्टायनर यांच्या १९२४ च्या व्याख्यानांतली: गाईच्या शिंगात शेण भरून हिवाळाभर पुरायचं, मग थोडंसं पाण्यात ढवळून शिंपडायचं, कामं चंद्र-ग्रह बघून करायची.

वाइन गडद आणि ताजीतवानी लागते, आणि श्रेय पद्धतीला मिळतं. आपण इथे थांबू या. त्या उंचीवर अतिनील किरण जास्त, म्हणून द्राक्षाची साल जाड, रंग गडद. रात्री गार, म्हणून आंबटपणा टिकतो. एवढं काम डोंगरच करतो.

आपल्या न्यायशास्त्रात 'अन्यथासिद्ध' असा शब्द आहे. कुंभाराचं गाढव माती वाहून आणतं, घट होण्याआधी ते हजर असतं. तरी ते घटाचं कारण नव्हे. शिंग हे कारण की गाढव? अन्वय-व्यतिरेकानं पाहू: एकाच उतारावर, एकाच जातीच्या वेली, खत-पाणी सारखं, फक्त निम्म्या ओळींना शिंगखत नाही. मग लेबलं झाकून चाखा.

कृत्रिम कीटकनाशकं थांबली, हे चांगलंच झालं. त्यात जमिनीचं आणि मळ्यात राबणाऱ्यांचं हित आहे. पण तेही ग्रहांच्या खात्यावर मांडलं, तर रसायनं सोडायला निघालेला विचारी शेतकरी शिंग बघूनच परत फिरेल. आपला आक्षेप आहे तो इथे.