बिग डेटा आणि सातबाऱ्याबाहेरचा शेतकरी

कृषिक्षेत्रातील बिग डेटाविषयी आपल्याकडे जे लेखन होते, त्यात उपग्रह, संवेदक आणि संगणकीय अंदाज यांचे कौतुक अधिक असते. मूळ नोंद कोणाच्या नावे पडते, हा प्रश्न बहुधा सुटून जातो. महाराष्ट्रापुरते पाहिल्यास ही नोंद अखेर सातबाऱ्यावर येऊन थांबते.

भिवंडीच्या निजामपुऱ्यातून बाहेर पडून नाशिक महामार्गाकडे गेले की गोदामांच्या रांगा लागतात. आत आलेला माल केव्हा आला, कोणत्या मांडणीवर आहे, कोठे रवाना झाला, हे बारकोडवरून क्षणात कळते. त्याच तालुक्यातील भातखाचरात प्रत्यक्ष कोण राबतो, हे मात्र सातबाऱ्यावरून कळेलच असे नाही.

15 ऑगस्ट 2021 रोजी राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीने नोंदीचे काम शेतकऱ्याच्या हाती दिले. तलाठी चावडीत बसूनच पेरा लिहितात, ही जुनी तक्रार. आता अक्षांश-रेखांशासह पिकाचे छायाचित्र बांधावरून जाते. ही सुधारणा निःसंशय मोलाची आहे. परंतु नोंद होते ती खातेदाराच्या नावे. कसणारा निराळा असेल तर छायाचित्रात त्याचे भात दिसते, तो दिसत नाही.

हा दोष केवळ तंत्रज्ञानाचा नव्हे. त्याची मुळे 1948 च्या कूळ कायद्यापर्यंत जातात. कुळाचे नाव कागदावर चढले की जमीन जाईल, या धास्तीने खंडाचा वा अर्धलीचा व्यवहार तोंडीच राहिला. ज्या कायद्याने कसणाऱ्याला मालक केले, त्याच्याच भीतीने पुढचा कसणारा कागदावर येईनासा झाला. हा विपर्यास पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळतो. पीकविम्यासाठी भाडेकराराने कसणाऱ्याकडे नोंदणीकृत करार मागितला जातो. तो करून देणारा जमीनमालक सापडणे कठीण. कृषी योजनांसाठी 15 एप्रिल 2025 पासून अनिवार्य झालेला शेतकरी ओळख क्रमांकही भूमी अभिलेखांशीच जोडलेला आहे. जून 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कृषी क्षेत्रासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण मंजूर केले. त्याची भिस्तही अशाच माहितीसंचांवर राहणार. संच जितका विशाल, तितकी ही जुनी अनुपस्थिती अधिक अधिकृत दिसू लागते.

आंध्र प्रदेशाने 2019 मध्ये, मालकी हक्काला बाधा न आणता कसणाऱ्यास 11 महिन्यांचे हक्कपत्र देणारा कायदा केला. मात्र त्या पत्रासाठीही जमीनमालकाची संमती व स्वाक्षरी आवश्यक ठरविण्यात आली.