काडी, धोटा आणि कंत्राट

बाजार बदलला, तंत्र बदलले की उद्योगाने आपले धोरण बदलावे. जो बदलतो तो टिकतो, जो बदलत नाही तो बुडतो. हे वाक्य आज व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवले जाते, सरकारी कागदांत लिहिले जाते, आणि कारखान्यातून काढलेल्या कामगारालाही तेच ऐकवले जाते. वाक्य खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की, उद्योग बदलतो तेव्हा त्या बदलाची किंमत कोण भरतो? आणि भरणाऱ्यांच्या रांगेत पहिला क्रमांक नेहमी कुणाचा लागतो?

प्रवासी पुस्तकांतले अंबरनाथ म्हणजे १०६० सालचे शिवमंदिर. कामगारांचे अंबरनाथ म्हणजे काडेपेटीचा कारखाना. तिथल्या विम्को नाक्याला नाव कुठल्या देवाचे किंवा पुढाऱ्याचे नाही, कंपनीचे आहे. ही कंपनी इथे का आली याचा इतिहास आमच्या कार्यकर्त्यांनी नीट वाचला पाहिजे. १९२२ मध्ये ब्रिटिश सरकारने आयात काडेपेट्यांवरचा कर दुप्पट करून ग्रोसला, म्हणजे १४४ पेट्यांना, दीड रुपया केला. हेतू तिजोरी भरण्याचा होता. इव्हार क्रूगर या स्वीडिश भांडवलदाराच्या कंपनीने मात्र त्यातून वेगळा धडा घेतला. पेटी बाहेरून आणणे परवडत नसेल तर कारखानाच आत आणावा! १९२३ मध्ये वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे विम्को, स्थापन झाली आणि अंबरनाथला यंत्रे लागली. कराच्या भिंतीवर डोके आपटण्याऐवजी कंपनी भिंतीच्या आत येऊन बसली. १९३२ मध्ये क्रूगरने पॅरिसमध्ये आत्महत्या केली, त्याचे जागतिक साम्राज्य कोसळले. इथली काडी मात्र पेटतच राहिली.

स्वातंत्र्यानंतर वारा फिरला. यांत्रिक कारखान्यांवर जास्त आणि हातकामाच्या लहान कारखान्यांवर कमी अबकारी कर, असे धोरण आले. त्यामागे रोजगार वाढावा ही भूमिका होती. त्याचा लाभ तामिळनाडूतल्या शिवकाशी, सात्तूर, कोविलपट्टी या पट्ट्याला झाला. तिथल्या धंद्याचा पाया अय्या नाडर आणि षण्मुग नाडर या दोघांनी १९२० च्या दशकाच्या आरंभी कलकत्त्याला जाऊन शिकून आलेल्या विद्येवर घातला होता. नाडर म्हणजे ज्यांना देवळात पाऊल टाकू दिले जात नव्हते, ज्यांच्या वस्तीवर १८९९ मध्ये शिवकाशीत हल्ले झाले, ती जात. तिने स्वतःचा उद्योग उभारून परदेशी भांडवलाला मागे रेटले. बहिष्कृतांच्या स्वावलंबनाचे उदाहरण म्हणून आपण त्याचा अभिमान बाळगावा काय?

बाळगावा, पण डोळे उघडे ठेवून. कारण यंत्रावर मात करणारा तो 'हात' बऱ्याचदा लहान मुलाचा होता. काड्या चौकटीत भरणारी, पेट्यांना लेबले चिकटवणारी ही मुले गरिबांची होती, दलितांची होती. १९८६ मध्ये बालमजुरीचा कायदा झाला. त्यानंतरही दहा वर्षांनी, १९९६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाला शिवकाशीच्याच खटल्यात निकाल द्यावा लागला. जी जात स्वतः तुडवली गेली तिच्या हातात भांडवल आले म्हणजे शोषण संपते, ही समजूत शिवकाशीने मोडीत काढली आहे. मालकाची जात बदलली म्हणून मालकीचा स्वभाव बदलत नाही.

विम्कोनेही पुढे पुष्कळ वळणे घेतली. १९८० च्या दशकात तिने उत्तरेतल्या शेतकऱ्यांना पॉप्लरची रोपे देऊन लाकडाची सोय शेतातच करून घेतली. २००५ मध्ये ती सिगारेटवाल्या आयटीसीच्या ताब्यात गेली, २०१४ मध्ये तिचा काडेपेटीचा धंदा आयटीसीत विलीन झाला. मग लायटर आला, गॅसची शेगडी आली, काडीचा खप घटू लागला. २०२१ च्या डिसेंबरात एक रुपयाची पेटी दोन रुपयांची झाली. २०२३ मध्ये वीस रुपयांखालच्या लायटरच्या आयातीवर सरकारने बंदी घातली. १९२२ ची भिंत शंभर वर्षांनी पुन्हा उभी राहिली, फक्त या वेळी आतल्यांच्या मागणीवरून.

या सगळ्या कहाणीतून एक गोष्ट स्वच्छ दिसते. उद्योगाला बदलण्यासाठी तीन गोष्टी मिळतात: वेळ, भांडवल आणि सरकारचा कान. कामगाराला यांतले काहीच मिळत नाही. त्याला फक्त सूचना मिळते, आणि कधी कधी तीही मिळत नाही.

इथे कुणी म्हणेल, हा तर वर्गाचा प्रश्न झाला, यात जात कुठे आली? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या भाषणात याचे उत्तर देऊन ठेवले आहे. त्यांचा मुद्दा असा: उद्योग कधीच स्थिर नसतो, तो झपाट्याने बदलतो, म्हणून माणसाला धंदा बदलण्याची मोकळीक हवी. जात ही मोकळीक हिरावून घेते, आणि म्हणून ती बेकारीचे थेट कारण ठरते. आज ज्याला 'बदलाशी जुळवून घेणे' म्हणतात त्याचा विचार बाबासाहेबांनी इतक्या आधी, इतक्या मुळापासून केला होता. आमच्या सभांत या भाषणातला धर्मशास्त्रावरचा भाग वारंवार येतो. अर्थशास्त्रावरचा हा भाग मात्र उपेक्षितच राहतो.

मुंबईच्या गिरण्यांचा दाखला घ्या. विणकाम खात्यात मजुरी जास्त. तिथे अस्पृश्यांना मज्जाव. कारण काय, तर धोट्यातली कांडी बदलताना सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि महाराच्या ओठाला लागलेला धोटा सवर्ण विणकर तोंडाला कसा लावणार! आमचा माणूस कमी मजुरीच्या कताईच्या बाजूलाच राहिला. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. आता तंत्राची बाजू पाहा. तोंडाने सूत ओढण्याच्या धोट्यावर अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्येच आरोग्याच्या कारणावरून बंदी घातली होती. हाताने सूत ओवण्याचा धोटा जगात उपलब्ध होता. म्हणजे अस्पृश्यतेची ती सबब एका सुधारित धोट्याने निकालात निघू शकत होती. पण ज्या धोट्याने फक्त महाराला न्याय मिळणार, त्याची निकड ना मालकाला वाटली, ना लाल बावट्याला. यंत्र आपल्या पायांनी चालत येत नाही. ते कुणीतरी निवडतो. निवडणाऱ्याच्या डोक्यात जे असते तेच यंत्राबरोबर कारखान्यात शिरते.

म्हणूनच 'कारखाने आले की जात जाईल' हे भाकीत जसे फसले, तसेच 'संगणक आला की जात जाईल' हेही फसणार आहे. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू एकत्र सांगितले, ते उगाच नव्हे.

पुन्हा अंबरनाथला येऊ. १९५३ पासून इथे संरक्षण खात्याचे कारखाने आहेत. सरकारी कारखाना म्हणजे राखीव जागा, कायम नोकरी, क्वार्टर, मुलांची शाळा. आमच्या एका पिढीने या शिडीवरून वर चढण्याचे स्वप्न पाहिले. पण या शिडीची एक पायरी बराच काळ गायब होती. १९५६ ला ज्यांनी धम्मदीक्षा घेतली त्यांना केंद्र सरकारच्या नोकरीत अनुसूचित जातीची सवलत १९९० पर्यंत नव्हती. केंद्राच्या कारखान्यात राखीव जागा हवी तर कागदावर 'हिंदू महार' राहा, आणि बौद्ध म्हणवून घ्यायचे तर जागा सोडा! बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेतला नायक परगावी राहायला खोली मिळावी म्हणून जात लपवतो. इथे पोटासाठी धम्म लपवण्याची वेळ आली. या दुहेरी चोरीची कथा आमच्या साहित्यात जितकी यायला हवी होती तितकी आलेली नाही.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुधनिर्माणी मंडळ बरखास्त झाले आणि त्याच्या सात कंपन्या झाल्या. अंबरनाथचा एक कारखाना यंत्र इंडियाकडे गेला, दुसरा आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे. कारण पुन्हा तेच: नवी बाजारपेठ, नवे तंत्र, नवे धोरण. जुन्यांची नोकरी तूर्त शाबूत. पण या सातांपैकी काही कंपन्यांच्या नव्या भरतीच्या जाहिराती ठराविक मुदतीच्या कराराच्या निघू लागल्या. खासगी औद्योगिक वसाहतीत तर कंत्राट हाच नियम झाला आहे. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याची मर्यादा वीस कामगारांची होती. २०२० च्या संहितेने ती पन्नासावर नेली. आणि कंत्राटदाराच्या यादीला राखीव जागा नसतात. घटनेने दिलेले जे थेट काढून घेता येत नाही, ते धोरण बदलून रिकामे करता येते. डबा तोच राहतो, आतली भाकरी जाते.

या संदर्भात दलित साहित्याकडून आमची तक्रार आहे, आणि ती घरच्या माणसाची तक्रार आहे. आमच्या आत्मकथनांनी गावकूस दाखवले, शाळा दाखवली, वसतिगृह दाखवले, कार्यालयातला छुपा जातिभेद दाखवला. दया पवारांच्या 'बलुतं'ने (१९७८) मुंबईच्या गोदीत राबणाऱ्या बापाची पिढी उभी केली. पण कारखाना बहुधा मागच्या पडद्यावर राहतो. कुठल्या खात्यात कोण होते, नवे यंत्र आले तेव्हा आधी कुणाला शिकवले, कपात झाली तेव्हा यादीत पहिले नाव कुणाचे होते, हे आम्ही लिहिले नाही. प्रस्थापित लेखकाने ते लिहावे ही अपेक्षाच नाही. त्याला कामगार दिसला तरी त्याची जात दिसत नाही.

हे काम आता अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूरच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी हाती घ्यावे. निवृत्त कामगार अजून आहेत. त्यांना खाते विचारा, पगार विचारा, बढती कुठे अडली ते विचारा, आणि लिहून ठेवा. आणि कार्यकर्त्यांनी एक मागणी धरून ठेवावी: नवे यंत्र येण्याआधी ते शिकण्याचा वेळ आणि शिकण्याच्या काळातली मजुरी कामगाराला मिळाली पाहिजे, आणि शिकणाऱ्यांच्या यादीत आमच्या माणसाचे नाव शेवटी असता कामा नये. उद्योगाला धोरण बदलण्याचा हक्क असेल, तर माणसाला धंदा बदलण्याचा हक्क त्याच्याइतकाच पक्का हवा. बाबासाहेबांनी १९३६ ला जे मागितले ते यापेक्षा वेगळे नव्हते, आणि ते अजून मिळालेले नाही.