दोन तारांमधले अंतर

डॉक्टरच्या हातात दोन तारा आहेत. त्या एकमेकींना टेकवल्या की डालेक नावाची संहारक जमात जन्मण्याआधीच नष्ट होईल. तो टेकवत नाही. एका अख्ख्या जमातीचा निकाल लावायचा अधिकार आपल्याला आहे का, असे तो सोबत्यांना विचारतो. 'डॉक्टर हू' या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेतल्या १९७५ सालच्या 'जेनेसिस ऑफ द डालेक्स' या कथेतला हा प्रसंग. नेपथ्य स्वस्तातले आहे हे लपत नाही, पण डॉक्टर साकारणाऱ्या टॉम बेकरच्या चेहऱ्यावरून नजर हटत नाही.

१९७८ पासून बेकरचे भाग अमेरिकेतल्या सार्वजनिक वाहिन्यांवर पसरू लागले. तिथला प्रेक्षक 'स्टार ट्रेक'वर वाढलेला. ती मालिका फिल्मवर चित्रित झालेली आणि बहुतेक गोष्टी एकाच भागात संपणाऱ्या. 'डॉक्टर हू' पाहताना आधी त्याचे डोळेच अडखळले असणार. स्टुडिओतली दृश्ये व्हिडिओवर, बाहेरची बहुधा १६ मिलिमीटर फिल्मवर; पात्र दारातून बाहेर पडले की चित्राचा पोतच बदलायचा. गोष्ट पंचवीस-पंचवीस मिनिटांच्या चार किंवा सहा भागांत विभागलेली. अनेक वाहिन्या हे भाग जोडून सलग चित्रपटासारखे दाखवत, त्यामुळे प्रत्येक भागाच्या शेवटी जीव टांगणीला लावणारी जागाही नाहीशी होई. तरीही हा प्रेक्षक टिकला. वाहिनीने मदतीचे आवाहन केले की आपल्या मालिकेसाठी तो वर्गणी देऊ लागला.

तो का टिकला? ब्रिटिशांकडे पैसा नव्हता म्हणून त्यांची कल्पनाशक्ती फुलली, असे उत्तर यावर नेहमी दिले जाते. मला ते अर्धेच पटते. तुटपुंज्या पैशात रटाळ भागही पुष्कळ निघाले. खरे बळ होते ते लेखकाच्या शब्दाला असलेल्या वजनात.

याची सुरुवात १९५३ च्या 'द क्वाटरमास एक्सपेरिमेंट'पासून दिसते. लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीने ही सहा भागांची मालिका थेट प्रक्षेपित केली. अंतराळातून परतलेला माणूस हळूहळू वनस्पतीसारख्या राक्षसात बदलतो. शेवटी तो वेस्टमिन्स्टर ॲबेत दिसतो. पडद्यावरचे ॲबे म्हणजे एक मोठे केलेले छायाचित्र, आणि राक्षस म्हणजे झाडपाला चिकटवलेले हातमोजे घातलेले खुद्द लेखक नायजेल नील यांचे हात! पण प्रोफेसर क्वाटरमास त्या राक्षसावर शस्त्र चालवत नाही. आत गिळल्या गेलेल्या तीन माणसांच्या उरल्यासुरल्या माणुसकीला तो हाक घालतो, आणि ती माणसेच राक्षसाला संपवतात. पुढे १९५५ मध्ये हॅमर कंपनीने यावर चित्रपट काढला. नायकाच्या भूमिकेसाठी अमेरिकेतून ब्रायन डॉनलेव्ही आणला आणि राक्षसाला विजेच्या झटक्याने मारून टाकले. कथा तीच, पण तिचा कणाच काढून घेतला. मूळ मालिकेचे पहिले दोन भागच आज उरले आहेत, ही हळहळ वेगळीच.

१९६१ मध्ये बीबीसीने 'ए फॉर अँड्रोमेडा' आणली. तिचे एक लेखक होते खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल. मराठी वाचक त्यांना जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू म्हणून ओळखतात. अवकाशातून आलेल्या संदेशात संगणक बांधण्याच्या सूचना असतात. तो बांधल्यावर त्याचे ऐकावे की नाही, यात कथेचा ताण. संशोधकाला थेट दूरचित्रवाणीच्या पटकथेत आणणे हाही लेखनावरचाच विश्वास.

'ब्लेक्स सेव्हन'च्या १९७८ मधल्या पहिल्या हंगामाचे तेराही भाग एकट्या टेरी नेशन यांनी लिहिले. जुलमी सत्तेशी झुंजणारे हे बंडखोर गुन्हेगारांच्या जातकुळीतले, एकमेकांवर फारसा भरवसा न ठेवणारे. चार हंगामांनंतर, १९८१ च्या नाताळाला चार दिवस उरले असताना, अखेरच्या भागात त्यांच्यातला ॲव्हॉन आपल्याच जुन्या नेत्याला, ब्लेकला, गद्दार समजून ठार करतो. सैनिक त्याला घेरतात, तो बंदूक उचलतो आणि किंचित हसतो. पुढे ऐकू येतात फक्त गोळ्यांचे आवाज. नायक सुखरूप घरी पोचणार हे गृहीत धरणाऱ्या प्रेक्षकाला हा शेवट केवढा हादरवून गेला असेल!

आज चित्र पालटले आहे. २००५ मध्ये रसेल टी. डेव्हिस यांनी 'डॉक्टर हू' पुन्हा उभी केली. चॅनल फोरवर २०११ मध्ये सुरू झालेली चार्ली ब्रूकर यांची 'ब्लॅक मिरर' पुढे नेटफ्लिक्सने घेतली. डिस्नेच्या भागीदारीत 'डॉक्टर हू'चे दृश्यवैभव वाढले. ती भागीदारी २०२५ मध्ये संपली. त्या काळातले हंगामाअखेरचे भाग मला भपकेदार वाटले, पण मनात रुतले नाहीत. रुतला तो २०२४ चा 'बूम', स्टीव्हन मॉफट यांनी लिहिलेला. डॉक्टरचा पाय भूसुरुंगावर पडला आहे आणि जवळजवळ भागभर त्याला हलता येत नाही. सभोवती युद्ध चालू आहे आणि ज्याच्याशी सैनिक लढताहेत तो शत्रूच अस्तित्वात नाही.

हाताशी पैसा असूनही इथे लेखकाने एका माणसाला एका जागी उभे केले आणि त्याला बोलू दिले. ती उसंत लेखकाला मिळत राहील तोवर या परंपरेची मला काळजी वाटत नाही. पैसा वाढला म्हणून परंपरा आटत नाही. तारा टेकवण्याआधी थांबून प्रश्न विचारणारा माणूस पटकथेतून गेला, तर मात्र ती आटेल.